चहातली गोळी

ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून पत्राचा सारांश देते.

भांडुपला राहणाऱ्या ४६ वर्षांच्या एका ताईंचं हे पत्र. नवरा ५१ वर्षांचा, लिफ्टच्या देखभाल-दुरुस्तीचं काम करतो. मंडळाच्या तपासणी शिबिरात त्यांचं बीपी १७२/१०६ निघालं. फॅमिली डॉक्टरांनी दोन वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजलं, तेव्हाही १६४/१०२ च्या आसपासच आलं. तपासण्या करून त्यांनी बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिनची पाच मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. पंधरा दिवस घेऊन नवऱ्यानं ती सोडली; ताई त्याला हट्टी म्हणतात. "मला काही होत नाही, आणि ही गोळी एकदा लागली की जन्माची चिकटते." कंपनीत कळलं तर साइटवरून काढतील अशीही धास्ती आहे. सासरे बीपीची गोळी घ्यायचे, "डोकं जड झालं की". तरी त्यांना पॅरालिसिस झाला. गावी नेऊन लकव्याचं औषध केलं, पण उजवी बाजू परत आली नाही. ताईंनी चार वर्षं त्यांचं अंथरुणातलं सगळं केलं. नवरा आता सहकाऱ्यानं सांगितलेला अर्जुनसाल, लसूण आणि ज्येष्ठमधाचा काढा घेतो. सासूबाई म्हणतात, सुनेच्या कटकटीनंच लेकाचं बीपी वाढतं.

पुढचं ताईंच्याच शब्दांत: "तीन आठवडे झाले, मी ती गोळी कुटून त्यांच्या सकाळच्या चहात घालते. त्यांना माहीत नाही. परवा घरच्या मशीनवर १४४/९० आलं. खुशीत म्हणाले, बघ, गोळीशिवाय उतरलं की नाही! आता मित्रांना काढा सांगत सुटलेत. खरं सांगितलं तर माझ्यावरचा विश्वास जाईल आणि गोळीही बंद होईल. मी चुकते आहे का? माझ्यामुळेच त्यांचं बीपी वाढतं का? धाकट्याच्या वेळी माझंही वाढलं होतं, बाळंत झाल्यावर गेलं. तसं यांचं जाणार नाही का?"

ताई,

तुमचा मधला प्रश्न आधी घेते, कारण तुम्हाला सगळ्यात जास्त तोच टोचतो आहे असं पत्रावरून वाटलं. नाही, तुमच्या बोलण्यानं त्यांना बीपी झालेलं नाही.

भांडण झालं, गाडी चुकली, चार मजले जिना चढावा लागला की कुणाचंही बीपी वर जातं आणि थोड्या वेळात खाली येतं. पण डॉक्टरांनी शांत बसवून, वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १६४ येत असेल तर त्याची मुळं जुनी असतात. घराण्यातून आलेला कल, वयाबरोबर ताठर होणाऱ्या रक्तवाहिन्या, मीठ बाहेर टाकताना मागे पडणारी मूत्रपिंडं, सुटलेलं पोट, तंबाखू, दारू, अपुरी झोप. वर्षानुवर्षांचा ताण त्यात भर घालतो, हे खरं आहे. पण "गोळी घेतलीत का" हा प्रश्न म्हणजे तो ताण नव्हे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या इंडियाब अभ्यासात देशातल्या ३५.५ टक्के प्रौढांचं बीपी वाढलेलं आढळलं. तुमच्या मजल्यावरच्या दर तीन मोठ्या माणसांत एक, असं समजा. हा आकडा सासूबाईंपुढे ठेवून वाद मात्र घालू नका. त्यांनी नवऱ्याला आडवं झालेलं पाहिलंय. आता मुलाच्या बाबतीत दोष द्यायला कुणीतरी समोर असलं की त्यांची भीती जरा आवरत असेल. त्यांचं स्वतःचं बीपी कधी मोजलंय का, एवढं प्रेमानं विचारा.

आता चहाचं बोलू. ज्या बाईनं चार वर्षं सासऱ्यांची कूस बदलली, त्यांना घासघास भरवलं, तिला १७२ म्हटल्यावर काय दिसत असेल ते मला कळतं. तुम्ही हे भीतीनं आणि मायेनं केलंत. तरीही सांगते, उद्याच्या चहात गोळी घालू नका.

बीपीची खरी अडचण ही की ते बोलत नाही. दात ठणकतो, तापानं अंग फणफणतं. वाढलेलं बीपी बहुतेकांना वर्षानुवर्षं काहीच जाणवू देत नाही. मशीनवरचा आकडा, एवढंच काय ते त्याचं बोलणं. गोळी सोडली तर किती येतं, घेतली तर किती येतं, हे पाहूनच माणूस हळूहळू शिकतो. तुम्ही गोळी लपवून दिलीत आणि खरं सांगणारा तो एकुलता एक साक्षीदार फितूर केलात. १४४ पाहून तुमचे मिस्टर काय शिकले? आपल्याला गोळी लागत नाही, हे. आणि गोष्ट तुमच्या घरापुरतीही राहिलेली नाही. त्यांचं ऐकून एखाद्या मित्रानं स्वतःची चालू गोळी सोडून काढा धरला असेल, तर त्याच्या चहात गोळी घालणारं कुणी नाही.

बाकीचे धोके थोडक्यात. पेला बदलून गोळी सासूबाईंच्या किंवा मुलाच्या पोटात जाऊ शकते. कंपनीच्या डॉक्टरांनी उद्या याच जातीची गोळी दिली तर डोस दुप्पट होईल आणि का उतरलं ते कुणाला कळणार नाही. ज्याला शाफ्टमध्ये उतरावं लागतं, लिफ्टच्या डोक्यावर उभं राहून काम करावं लागतं, त्याला चक्कर येऊ शकणारं औषध चालू आहे हे ठाऊक असायलाच हवं. इतर वाचकांसाठीही सांगते, बीपीच्या काही गोळ्या दिवसभर हळूहळू सुटाव्यात अशा बनवलेल्या असतात. त्या कुटल्या की दिवसाचा डोस एकदम अंगात जातो. म्हणून विचारल्याशिवाय कुठलीही गोळी कुटू नये, घरात आजारी माणसाला गिळायला जड जात असलं तरी.

तुमच्या मनात आणखी एक वाट आली असेल. काही न बोलता गोळी थांबवायची, आकडा वर चढू द्यायचा, मग ते आपसूक गोळीकडे येतील. ही वाट सोयीची दिसते, पण मी ती सुचवणार नाही. अ‍ॅम्लोडिपिन अंगातून सावकाश उतरतं, त्यामुळे आकडा चढायला बरेच दिवस जातील आणि तोवर काढ्याचा लौकिक आणखी पसरेल. शिवाय हा त्यांच्याच शरीरावर त्यांना न सांगता केलेला दुसरा प्रयोग झाला. डॉक्टरांना मधे घालून काहीतरी पटवून देण्याची वाटही नको. डॉक्टरांवरचा विश्वास पुढची तीस वर्षं लागणार आहे.

म्हणजे सांगायचं, आणि तुम्हीच सांगायचं.

आधी फॅमिली डॉक्टरांना फोन करा. तीन आठवडे गोळी पोटात जात होती आणि आकडा इथवर आला, हे त्यांच्या कानावर घाला. मग नवऱ्याच्या सुट्टीचा दिवस बघा, पण पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. कामाला निघताना सांगू नका, रात्री पाठ टेकताना नको, सासूबाईंसमोर आणि मुलांसमोर तर नकोच. घर लहान असेल तर बाहेर पडा. बोलायला बागेतला बाकही पुरतो. आणि सांगताना थोडक्यात सांगा. "अहो, आधी ऐकून घ्या. तीन आठवडे तुमच्या चहात मी ती गोळी घालत होते. तुम्हाला न विचारता घातली, हे चुकलं माझं. आता नाही घालणार. बाबांसारखं तुम्हाला बघायची ताकद माझ्यात नाही, म्हणून केलं."

इथे थांबा. "पण बघा, गोळीनंच उतरलं ना" हे वाक्य जिभेवर येईल, ते त्या दिवशी गिळा. १४४ कुणामुळे आलं याचा हिशेब ते रात्री स्वतःच करतील, आणि स्वतः केलेला हिशेब माणसाला पटतो. ते रागावतील. कदाचित चार दिवस चहा स्वतः करून घेतील. घेऊ द्या. विश्वास जाईल ही तुमची भीती खोटी नाही, थोडा जाईलच. पण तुम्ही होऊन सांगितलंत तर तो परत यायला जागा राहते. डब्याच्या मागे दडवलेली अर्धी स्ट्रिप त्यांच्या हाती लागली तर राहत नाही.

राग ओसरला की तुमच्या पत्रातल्या एका गृहीताकडे बघा. तुम्ही त्यांना हट्टी म्हणता. मला त्यांच्यात घाबरलेला माणूस दिसतो, आणि त्याच्या भीती एकाहून जास्त आहेत.

पहिली भीती जन्माची गोळी. ही गोळी चिकटत नाही, तिची सवय लागत नाही. बंद केली की बीपी पुन्हा जिथं होतं तिथं जातं, कारण मूळ कारण अंगातच असतं. पोट उतरलं, मीठ कमी झालं तर डॉक्टर डोस कमी करतात, क्वचित थांबवूनही बघतात. मात्र ते डॉक्टरांनी मोजून करायचं. हे तुम्ही समजावू नका, त्यांच्या कामावरूनच त्यांना विचारा. लिफ्ट आवाज न करता चालली आहे म्हणून एखाद्या सोसायटीनं सर्व्हिसिंग बंद केलं तर ते काय म्हणतील? रोपच्या तारा एकेक करून तुटतात, ब्रेकचं लायनर रोज थोडं झिजतं, आत बसलेल्याला काही कळत नाही. दर महिन्याची भेट लिफ्टला चिकटली असं ते कधी म्हणत नसतील. मेंदूतल्या बारीक धमन्या १६४ च्या दाबाखाली अशाच झिजतात.

दुसरी भीती वडिलांची. गोळी घेऊनही लकवा झाला, असं त्यांच्या मनात कोरलं गेलंय. पण तुम्हीच लिहिलंत की सासरे डोकं जड झालं की गोळी घ्यायचे. म्हणजे गोळी चालू नव्हतीच. डोकं जड होणं हे बीपीचं घड्याळ नव्हे. मधल्या साऱ्या दिवसांत दाब चढलेलाच असणार. त्यांच्या वडिलांना दोष न देता हे सांगता येतं: त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं. रोज घेतलेल्या गोळीचा उपयोग होतो याचे पुरावे आता पक्के आहेत. १९९१ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत, वरचा आकडा वाढलेल्या साठीपुढच्या लोकांना गोळ्या दिल्यावर पक्षाघाताचं प्रमाण ३६ टक्क्यांनी घटलं. त्यानंतरच्या अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर वरचा आकडा १० नं उतरला की पक्षाघात साधारण चौथ्या हिश्शानं कमी होतात.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट यांचं मला या संदर्भात नेहमी आठवतं. मार्च १९४४ मध्ये त्यांचं बीपी १८६/१०८ भरलं होतं. जगातला एक सर्वांत बलाढ्य माणूस, हाताशी उत्तमातले उत्तम डॉक्टर. पण बीपी नीट उतरवणारं, रोज घेण्याजोगं औषधच तेव्हा नव्हतं. १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, वय ६३. त्यांना जे मिळालं नाही ते आज पालिकेच्या दवाखान्यात आणि आपला दवाखान्यात फुकट मिळतं, जनऔषधी केंद्रात काही रुपयांना मिळतं. तुमच्या डब्यामागे दडवलेल्या स्ट्रिपची ही किंमत आहे.

तिसरी भीती नोकरीची, आणि ती मी हलकी मानत नाही. घर त्यांच्या पगारावर चालत असेल तर "तब्येत आधी" असं म्हणणं सोपं नसतं. पण कंपनीच्या तपासणीत अचानक १७० निघणं आणि "मला बीपी आहे, गोळी चालू आहे, सहा महिन्यांची नोंद ही" असं म्हणून वही पुढे करणं, यात दुसऱ्याची बाजू कितीतरी भक्कम आहे. साइटवर उंचावर असताना झटका आला तर प्रश्न नोकरीपुरता उरत नाही.

चौथी गोष्ट कदाचित त्यांनी तुम्हाला सांगितलेली नाही. पंधरा दिवसांनी गोळी का सोडली, हे खोदून न विचारता एकदा विचारा. अ‍ॅम्लोडिपिननं काहींचे घोटे सुजतात, तोंड गरम होतं, डोकं दुखतं. बीपीच्या काही औषधांनी पुरुषांना शरीरसंबंधात अडचण येते. वाढलेल्या बीपीनं तर ती येतेच, पण दोष गोळीला जातो. बायकोपुढे हे बोलायला माणूस लाजतो. म्हणून डॉक्टरांकडे दहा मिनिटं त्यांना एकट्याला बसू द्या, तुम्ही बाहेर थांबा. गोळी बदलता येते. बीपीच्या औषधांचे बरेच प्रकार आहेत, एक सोसत नसेल तर दुसरा सोसतो. दोन औषधं थोड्या-थोड्या डोसमध्ये दिली की अनेकदा एकाच्या मोठ्या डोसपेक्षा त्रास कमी आणि काम जास्त होतं. आणि ते लागेलही, कारण १४४/९० हा शेवट नव्हे. दवाखान्यात मोजलेलं १४०/९० च्या खाली आणायचंच असतं, आणि त्यांच्या वयाला झेपलं तर १३०/८० पर्यंत.

काढ्याबद्दल भांडू नका, पण त्यातला ज्येष्ठमध मात्र बंद करायला सांगा. रोज पोटात गेलेला ज्येष्ठमध अंगात मीठ-पाणी धरून ठेवतो, पोटॅशियम कमी करतो आणि बीपी वाढवतो. घसा खवखवला की तुकडा चघळणं वेगळं, रोजचा काढा वेगळा. लसूण भाजीत खाऊ दे. तशीच दुसरी लपलेली वस्तू म्हणजे अंगदुखीच्या गोळ्या. अवजड काम करणारी माणसं डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या खिशातच ठेवतात. त्यांनी बीपी चढतं आणि मूत्रपिंडांना त्रास होतो. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्याही तशाच. पित्तासाठी रोज पाण्यात फसफसणारं फ्रूट सॉल्ट पीत असतील तर त्यातही सोडियम असतं.

मिठाचं थोडक्यात सांगते. माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभरही नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही मर्यादा साऱ्या घराला आहे, म्हणून त्यांच्यापुरतं अळणी वेगळं करू नका. वेगळं ताट म्हणजे शिक्षा वाटते आणि माणूस खाली उतरून वडापाव खातो. सगळ्यांच्याच आमटीतलं मीठ दर आठवड्याला जरा कमी करत जा, दोन महिन्यांत जीभ वळते. लोणचं, पापड, फरसाण रोजच्या पानातून सणावारावर न्या. सुके बोंबील, सुकट भिजवून दोन पाण्यांतून काढा. सैंधव हेही मीठच आहे. पोटॅशियम मिसळलेल्या मिठानं पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाल्याचं चीनमधल्या मोठ्या चाचणीत २०२१ मध्ये दिसलं. पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका. तंबाखू आणि मशेरीबद्दल तुमच्या पत्रात अक्षर नाही. घरात कुणाची असेल तर मिठाच्या आधी ती सुटायला हवी. आणि ते खूप घोरत असतील, दिवसा लोकलमध्ये बसल्या बसल्या झोपत असतील, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

मोजणं मात्र पुढे त्यांच्याच हाती द्या. मशीन त्यांचं, वही त्यांची, अक्षर त्यांचं. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, लघवी करून यायचं, पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसायचं, हात छातीच्या पातळीला टेबलावर. पट्टा दंडाला पुरेल एवढा हवा. आखूड पट्टा आकडा फुगवून दाखवतो. मिनिटाच्या अंतरानं दोनदा, सकाळी गोळीआधी आणि रात्री, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरी १३५/८५ च्या पुढे सरासरी गेली तर ती जास्तच. मग महिनाभर मशीन कपाटात ठेवलं तरी चालेल. दिवसातून दहादा मोजून काळजी करण्यात अर्थ नाही. एखाद्या वेळी १८० च्या वर आलं आणि त्रास काही नसला तर शांत बसून पुन्हा मोजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. शेजाऱ्याची गोळी जिभेखाली ठेवू नका, दाब धाडकन पडणंही मेंदूला घातक असतं. छातीत दुखणं, धाप, दिसेनासं होणं, असंबद्ध बडबडणं असलं काही सोबत असेल तर थेट हॉस्पिटल.

आता ज्याची तुम्हाला खरी भीती आहे त्याकडे येते. पक्षाघाताबद्दल हे घरातल्या प्रत्येकाला, धाकट्यालाही, पाठ हवं. तोंड एका बाजूला ओघळलं, दोन्ही हात वर धरायला सांगितले तर एक खाली आला, बोलणं जड झालं किंवा समजेना, अचानक तोल गेला, अचानक एका डोळ्यानं किंवा एका बाजूचं दिसेना, तर यातलं एकच असलं तरी पुरे. थांबायचं नाही. झोप काढली की बरं वाटेल, डॉक्टरांचा दवाखाना सहाला उघडेल, पुण्याहून भाऊ येऊ दे, यात हातची वेळ जाते. मोठी धमनी बुजली असेल तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात.

पक्षाघातांपैकी ८० ते ८५ टक्के गुठळीनं होतात, बाकीचे रक्तस्रावानं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, फरक सीटी स्कॅनच दाखवतो. म्हणून घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नका; रक्तस्राव असेल तर ती घात करेल. बीपीची गोळीही देऊ नका. पाणी, चहा, साखर काहीच तोंडात घालू नका, गिळणं गेलेलं असेल तर ते फुप्फुसात जातं. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं. मोठ्या धमनीतली गुठळी नळी घालून काढता येते, ते सहा तासांत, निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत. हे तास माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तिथून मोजतात. रात्री अकराला बरा झोपला आणि सकाळी सहाला हात उचलेना, तर घड्याळ अकरापासून चालू धरतात. तरीही उशीर झाला म्हणून घरी थांबू नका. काय करता येईल ते डॉक्टरांना स्कॅन पाहून ठरवू दे. वेळ कागदावर लिहून घ्या आणि १०८ ला फोन करा.

यासाठी एक काम या आठवड्यात करा. तुमच्या घराजवळ चोवीस तास सीटी स्कॅन चालू असलेलं आणि हे इंजेक्शन देणारं हॉस्पिटल कुठलं, हे फोन करून विचारून ठेवा आणि नाव फ्रिजवर लावा. आधी कोपऱ्यावरच्या नर्सिंग होममध्ये, तिथून मोठ्या हॉस्पिटलात, असं झालं की तास-दीड तास जातो. भांडुपहून शीव किंवा परळचं मोठं हॉस्पिटल गाठायला संध्याकाळी सातला लागणारा वेळ आणि पहाटे चारला लागणारा वेळ सारखा नसतो, तोही विचार करा. त्यांच्यासोबत साइटवर असणाऱ्या एका माणसालाही ही लक्षणं माहीत हवीत. दिवसाचे दहा तास ते तुमच्यासमोर नसतात.

आणि झटका येऊन दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तर हायसं वाटून घरी बसू नका. तो मोठ्या झटक्याचा इशारा असतो, धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त. त्याच दिवशी हॉस्पिटल.

सासऱ्यांना गावी नेलंत, त्याबद्दल मनाला लावून घेऊ नका. लकव्याचं औषध, मालिश, कुठे कबुतराचं रक्त चोळणं, हे मी अनेक घरांतून ऐकलंय, शिकल्या-सवरल्या घरांतूनही. पहिल्या काही आठवड्यांत मेंदू थोडाफार सावरतो, हातपाय जरा हलू लागतात आणि त्याचं श्रेय त्या औषधाला जातं. तुमच्या घरात आज काढ्याला गेलं, तसंच. त्या काळात खरी गरज असते फिजिओथेरपीची, बोलण्याच्या सरावाची, आणि दुसरा झटका टाळणाऱ्या गोळ्यांची.

शेवटी तुमच्या पत्राची शेवटची ओळ. धाकट्याच्या वेळी वाढलेलं बीपी "बाळंत झाल्यावर गेलं" असं तुम्ही सहज लिहून पुढे गेलात. ते गेलं, पण गरोदरपणात ज्यांचं बीपी वाढतं त्या बायकांना पुढे चाळिशी-पन्नाशीत बीपीचा, हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तुम्ही ४६ च्या आहात. नवऱ्याचे तीन आकडे पत्रात तारीखवार आहेत, सासऱ्यांची चार वर्षं आहेत, तुमचा स्वतःचा आकडा कुठेच नाही. मशीन घरात आहेच. उद्या सकाळी चहा टाकण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून बसा, दोनदा मोजा, आणि जो येईल तो त्यांच्याच वहीच्या दुसऱ्या पानावर तुमच्या नावानं लिहा. आठ दिवसांनी डॉक्टरांकडे जाताना दोन्ही पानं घेऊन जा.